मायकोरायझाची पावडर कुठे लागते, कुठे वाया जाते

सांगोला भागातल्या एका बागायतदाराचा प्रश्न आहे. दोन एकर भगवा डाळिंब, बाग सहा वर्षांची. दर बहाराला कृषी सेवा केंद्रातून मायकोरायझाची पावडर आणायची, एकरी चार किलो ठिबकमधून सोडायची, त्याच आठवड्यात १२:६१:०० हे स्फुरदाने भरलेले विद्राव्य खत द्यायचे, असा त्यांचा रिवाज. त्यांचे म्हणणे असे: "पांढरी मुळी चांगली सुटते, पण पावडर सोडली नाही त्या वर्षीही तशीच सुटली होती. मग ही बुरशी खरंच काम करते की नुसतं नाव? आणि मर रोगावर चालते का?"

आधी थेट उत्तर देतो. बुरशी खरी आहे, तिचे कामही खरे आहे. तुमच्या बागेत ती बहुधा पूर्वीपासूनच आहे. १२:६१ च्या जोडीने सोडलेली पावडर म्हणजे एका हाताने बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने दार लावायचे. मर रोगाचे औषध ती नाही. आता हे असे का, ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळले की पुढच्या वेळी दुकानदाराला काय विचारायचे हे तुमचे तुम्हालाच सुचेल.

मायकोरायझा ही एकच एक बुरशी नव्हे. १८८५ साली जर्मनीत अल्बर्ट फ्रँक यांनी जंगलातल्या झाडांच्या बारीक मुळांवर बुरशीचे आवरण पाहिले आणि मूळ-बुरशीच्या त्या जोडीला हे नाव दिले. त्यांच्याकडे काम आले होते ते खरे तर ट्रफल या महागड्या खाद्य बुरशीची लागवड जमते का, हे पाहण्याचे. पाइन, ओक, आपल्याकडचा साल अशा झाडांवर असते ती ही बाहेरून वेढणारी जात, एक्टोमायकोरायझा. पावसाळ्यात या झाडांखाली उगवणाऱ्या कित्येक छत्र्या तिच्याच. डाळिंब, द्राक्ष, केळी, ऊस, कांदा यांच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. तरीही पाकिटावर 'एंडो + एक्टो' असे मोठ्या अक्षरांत छापलेले असते आणि त्या अधिकच्या चिन्हाचे पैसे आपण मोजतो.

आपल्या पिकांची बुरशी म्हणजे अर्बस्क्युलर मायकोरायझा, पाकिटावरची 'एंडो' ती हीच. जुन्या लोकांच्या तोंडी अजून 'व्हॅम' हेच नाव आहे. ही मुळाच्या आत शिरते आणि सालीच्या पेशींत झुडपासारख्या अतिशय बारीक फांद्या पसरते. पेशीचे आवरण या फांद्यांभोवती आत दुमडत जाते, फाटत नाही, आणि त्या दुमडीच्या आरपार सगळी देवाणघेवाण चालते. असे एक झुडूप काही दिवसच टिकते, मग विरून जाते आणि शेजारच्या पेशीत नवे उभे राहते. म्हणून नवी मुळी सतत फुटत राहणे तिच्या फायद्याचे. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावच्या सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही अशी झुडपे पेशींत दिसली आहेत. त्या वनस्पतींना आजच्यासारखी मुळेसुद्धा नव्हती. तेव्हा ही सोय कोणा कंपनीने काढलेली नाही, हे एकदा मनात पक्के करा.

झाडाला या बुरशीची गरज का पडते? मुख्यतः स्फुरदासाठी. नायट्रेट नत्र पाण्याबरोबर मुळापर्यंत वाहत येतो, पण स्फुरद जमिनीत जवळपास चालतच नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याला कॅल्शियम धरून बसतो, कोकणातल्या तांबड्या जमिनीत लोह आणि ॲल्युमिनियम. मूळ आपल्या भोवतीचा एखाद-दोन मिलिमीटरचा भाग खाऊन मोकळे होते आणि पुढे ताट रिकामे. बुरशीचा तंतू तेवढ्यावर थांबत नाही, तो मुळापासून कित्येक सेंटिमीटर पुढे जातो. त्याची जाडी २ ते १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे मातीच्या ज्या फटीत मूळ शिरूच शकत नाही तिथे तो सहज जातो. जस्त आणि तांबेही असेच येते. काही प्रयोगांत झाडात गेलेल्या एकूण स्फुरदापैकी ८० टक्क्यांपर्यंत वाटा या वाटेने आलेला मोजला गेला आहे.

बदल्यात झाड देते साखर आणि चरबी. चरबीचे कोडे २०१७ च्या सुमारास सुटले. ही बुरशी मूलभूत चरबी स्वतः बनवण्याची यंत्रणाच गमावून बसली आहे, ती पूर्णपणे झाडावर अवलंबून आहे. पानांनी बनवलेल्या अन्नाचा साधारण ४ ते २० टक्के भाग तिच्याकडे जातो, असे अंदाज आहेत. हा खर्च थोडाथोडका नाही, आणि झाड तो डोळे झाकून करत नाही.

इथे तुमच्या १२:६१ चा मुद्दा येतो. स्फुरदाची उपासमार झाली की मुळे स्ट्रायगोलॅक्टोन नावाचे द्रव्य अत्यल्प प्रमाणात मातीत सोडतात. जवळ पडलेला बुरशीचा बीजाणू ते ओळखतो, तंतू फुटून फांद्या पसरतात आणि मुळाकडे वळतात. याचा शोध मोठा गमतीचा आहे. १९६६ मध्ये कपाशीच्या मुळांच्या स्रावातून या गटातले पहिले द्रव्य हाती लागले, आणि ते कशामुळे लक्षात आले? ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुला या परजीवी तणाचे बी त्याने उगवते म्हणून! झाड आपल्याच शत्रूला जागे करणारे द्रव्य का सोडत असेल, याचे उत्तर मिळायला २००५ उजाडले. जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले की ही हाक असते मायकोरायझाला, आणि टारफुला ती चोरून ऐकतो. झाडाच्या अंगात स्फुरद भरपूर झाला की ही हाक बंद पडते. मुळापाशी विद्राव्य स्फुरद ओतला की झाडाला बुरशीची गरज उरत नाही आणि ते तिला आत घेण्याचे कमी करते. पाकीट कितीही चांगले असो, झाडाच्या मनात नसेल तर काही होत नाही.

म्हणून पावडरीचे पैसे देण्याआधी मातीचा अहवाल काढून स्फुरदाचा रकाना बघा. वर्षानुवर्षे डीएपी, १२:६१, ०:५२:३४ आणि वर भरघोस कोंबडीखत पडलेल्या बागांत तो 'जास्त' किंवा 'अत्यंत जास्त' निघतो, आणि अशा ठिकाणी मी मायकोरायझा विकत घ्या असे सांगत नाही. तिथे एक-दोन बहार स्फुरद आवरता घेणे हाच मायकोरायझाचा डोस. खर्च वाचतो तो वेगळाच.

आता ठिबकचे. या बुरशीचे बीजाणू बॅक्टेरियासारखे सूक्ष्म नसतात. जातीनुसार ते साधारण ४० मायक्रॉनपासून काही शे मायक्रॉनपर्यंत असतात. तुमच्या डिस्क फिल्टरची जाळी बहुधा १२० मेशची, म्हणजे सव्वाशे-एकशेतीस मायक्रॉनची. लहान बीजाणू निघून जातात, मोठे आणि मुळांचे तुकडे फिल्टरात अडकतात, आणि बॅकफ्लश केला की बांधावर. जे ड्रिपरमधून पडतात तेही चिकण काळ्या मातीत खाली फारसे उतरत नाहीत, वरच्या थरात राहतात. बीजाणूला पाय नाहीत. तो जिवंत, कोवळ्या मुळाच्या अगदी जवळ पडला तरच उपयोग. सहा वर्षांच्या झाडाला द्यायचाच असेल तर वाफशावर ड्रिपरखाली चार बोटे माती उकरून, पांढरी मुळी दिसेल तिथे शेणखतात मिसळून द्यावा. कटकटीचे काम आहे, हे मान्य.

पाकिटाची पाठ वाचायची सवय लावा. मायकोरायझासमोर 'सीएफयू' लिहिले असेल तर विकणाऱ्यालाच आपण काय विकतो ते ठाऊक नाही, असे खुशाल समजा. सीएफयू म्हणजे प्रयोगशाळेतल्या ताटलीत उगवलेल्या वसाहतींची मोजणी. ट्रायकोडर्मा ही दुसरी उपयोगी बुरशी, तो काडीकचऱ्यावर जगतो, ताटलीत छान वाढतो, म्हणून त्याचे सीएफयू मोजता येतात. मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय आपले जीवनचक्र पुरे करत नाही, ताटलीत तिची वसाहत होतच नाही. तिच्यासाठी दर ग्रॅमला जिवंत बीजाणू किंवा प्रसारक किती, आणि मुळात शिरकाव करण्याची क्षमता किती, हे लिहायला हवे. आपल्या खत नियंत्रण आदेशातही मायकोरायझाचे मानक याच भाषेत आहे. ती कारखान्यातही मुळांवरच वाढवावी लागते, कुंड्यांतल्या ज्वारी-मक्याच्या मुळांवर नाहीतर काचेच्या भांड्यातल्या निर्जंतुक मुळांवर. दुसऱ्या पद्धतीवर आपल्याकडे 'टेरी' संस्थेने बरेच काम केले आहे. दोन्ही पद्धतींत वेळ आणि खर्च लागतो. फारच स्वस्त मिळणाऱ्या डब्यात काय असेल, याचा अंदाज बांधा.

आणि डब्यात ह्युमिक, सीव्हीड, अमिनो मिसळलेले असेल तर 'मुळी सुटली' याचे श्रेय कोणाला द्यायचे? पांढरी मुळी ह्युमिकनेही सुटते, नुसता ताण तोडून पाणी दिले तरी सुटते. पांढरी मुळी हा मायकोरायझाचा पुरावा नव्हे. ही बुरशी मुळात आहे की नाही ते नुसत्या डोळ्यांनी कळतच नाही. कांदा, मका अशा काही पिकांची मुळे थोडी पिवळसर दिसतात, पण तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. पाचटाखाली किंवा शेणखताच्या ढिगात कापसासारखे पांढरे जाळे दिसले की फोटो येतो, "साहेब, मायकोरायझा आला!" तो कुजवणाऱ्या बुरशीचा असतो. चांगलीच गोष्ट आहे, पण ही ती नाही.

मग पावडर लागते कुठे? जिथे बुरशी नाहीच तिथे. आणि अशा जागा आपण स्वतःच तयार केल्या आहेत. जळगावकडचे टिश्यूकल्चर केळीचे रोप घ्या. ते बाटलीतून निघते तेव्हा त्याच्या मुळांवर एकही जीव नसतो. पुढे कोकोपीटमध्ये वाढते, त्यातही ही बुरशी नसते. त्यात पाण्याबरोबर रोज विद्राव्य खत. शेतात गेल्यावर बुरशी भेटेल तेव्हा भेटेल. या रोपाला बाटलीतून ट्रेमध्ये नेताना मुळाशी चिमूटभर चांगले कल्चर लावले तर खर्च नगण्य आणि फायदा पुढे महिनोन्महिने. टिश्यूकल्चर डाळिंबाचेही तेच. अट एकच, त्या रोपवाटिकेने पुढचे काही आठवडे स्फुरद कमी ठेवला पाहिजे आणि कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाची आळवणी (मुळाशी ओतणे) टाळली पाहिजे. रोपे बुक करताना हे विचारून घ्या.

संत्र्या-मोसंबीच्या रोपवाटिकांना तर हे फार लागू आहे. लिंबूवर्गीय झाडांना मूलरोम तोकडे आणि विरळ, त्यामुळे त्यांची भिस्त बुरशीवर जास्त. अमेरिकेत १९७० च्या आसपास धुरी देऊन निर्जंतुक केलेल्या वाफ्यांत लिंबूवर्गीय रोपे खुरटून बसायची. वाफ्यात काही विषारी राहिले असावे, असा संशय होता. कारण निघाले ते हे, की रोगाच्या बुरशीबरोबर कामाची बुरशीही मेली होती. आपल्याकडे जंबेरीच्या, म्हणजे ज्या खुंटावर संत्र्या-मोसंबीचे कलम बांधतात त्या, रोपांसाठी माती तापवून घेतात, सोलरायझेशन करतात. ते जरूर करावे, पण त्यानंतर मायकोरायझा परत द्यावा लागतो, हे पुष्कळांच्या गावी नसते. कांद्याच्या रोपवाटिकेतही पावडर वाया जात नाही. कांद्याची मुळे जाड, कमी फाटे फुटणारी, मूलरोम जवळजवळ नाहीत. गादीवाफ्यावर बियांखाली थर दिला की प्रत्येक रोप आपली शिदोरी घेऊनच शेतात जाते.

दुसरी जागा म्हणजे बेवड, म्हणजे आधीच्या पिकाचा जमिनीवर राहिलेला परिणाम, बिघडलेले शेत. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी ही सगळी एका घराण्याची पिके या बुरशीला थारा देत नाहीत. पालक, बीट, राजगिराही जवळजवळ तसेच. लागोपाठ दोन-तीन हंगाम कोबी-फ्लॉवर घेतलेल्या रानात बुरशी उपाशी मरत जाते, आणि मग तिथे कांदा किंवा मका केला की सुरुवातीला पीक जांभळट, रुसलेले दिसते. नांगरून वर्षभर उघडे ठेवलेल्या पडीचाही परिणाम तोच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या काळ्या जमिनीत, आपल्यासारख्याच भेगाळणाऱ्या, लांब पडीनंतरची पिके स्फुरद आणि जस्ताच्या कमतरतेने मार खात. जमीन विश्रांती घेऊन ताजी व्हायला हवी होती, झाले उलटेच. संशोधक थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये दाखवले की पडीत मायकोरायझाचे प्रमाण घटते, हे त्यामागचे कारण. आपली खरीप पड तीन-चार महिन्यांची आणि तिच्यात तणही असते. तणाच्या मुळांवरही बुरशी जगते, त्यामुळे तितका फटका बसायचे कारण नाही. म्हणूनच बागेत दोन ओळींमधली जमीन तणनाशकाने आरशासारखी चकचकीत ठेवण्याचा सोस मला पटत नाही. चवळी, मूग, नाहीतर साधे गवत कापून ठेवा. जिवंत मूळ असले की बुरशी असते. रोटाव्हेटर वर्षातून जितका कमी फिरेल तितके तंतूंचे जाळे अखंड राहते, आणि नव्या मुळीला बीजाणू उगवण्याची वाट बघावी लागत नाही, तयार जाळेच येऊन भेटते.

बुरशीनाशकांबद्दल सरसकट घाबरू नका. पानांवरच्या फवारणीने मुळात फारसे बिघडत नाही. प्रश्न आळवणीचा आहे. कार्बेन्डाझिमच्या गटातली औषधे या बुरशीला खरोखर मारक. त्याच गटातले बेनोमिल तर शास्त्रज्ञ मुद्दाम मायकोरायझा दाबायला प्रयोगांत वापरत आले आहेत. मेटॅलॅक्सिल, फोसेटिल यांचा रोख वेगळ्या गटाच्या जीवांवर असल्यामुळे त्यांचा त्रास कमी.

यावरूनच मर रोगाकडे वळतो. डाळिंबाची मर सेराटोसिस्टिस बुरशीने होते, खोडाच्या आतल्या नळ्या ती बंद करते. सूत्रकृमीच्या गाठी आणि खोडकिड्याची भोके तिला वाट करून देतात. लहानपणापासून मायकोरायझा असलेले रोप मुळांच्या काही रोगांना आणि सूत्रकृमीला थोडे जास्त तोंड देते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण शेंड्याकडून पिवळे पडायला लागलेल्या झाडाला मायकोरायझा पाजून ते वाचत नाही. असे सांगणाऱ्याकडून काहीच घेऊ नका. तिथे शिफारशीच्या औषधाची आळवणी करावी लागते, बुरशी मेली तर मरू द्या, झाड आधी.

जाता जाता, 'झाडे बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई झाड पिलांना खाऊ घालते' अशा चित्रफिती बऱ्याच जण पाठवतात. १९९७ मध्ये कॅनडाच्या जंगलात वनशास्त्रज्ञ सुझान सिमार्ड यांनी एका झाडातला कार्बन दुसऱ्यात पोचल्याचे मोजले, ते खरे. पुढचा बराचसा भाग कल्पनेचा आहे. २०२३ मध्ये याच विषयातल्या तज्ज्ञांनी पुरावे तपासून जंगलातल्या या गोष्टींना भक्कम आधार नसल्याचे लिहिले. शेतीचे निर्णय त्यावर घेऊ नयेत. दोन्ही पक्ष एकमेकांचा हिशेब ठेवतात, याचा पुरावा मात्र चांगला आहे. २०११ मध्ये टोबी किअर्स आणि सहकाऱ्यांनी दाखवले की जास्त स्फुरद आणणाऱ्या बुरशीला झाड जास्त साखर देते, आणि बुरशीही जास्त साखर देणाऱ्या मुळाकडे जास्त स्फुरद वळवते. प्रेमाबिमाचा प्रश्न नाही, रोखीचा व्यवहार आहे.

आता तुमचे पाकीट जिवंत आहे का, हे घरी बघायची रीत. बारीक वाळूत थोडी हलकी माती मिसळून प्रेशर कुकरमध्ये तासभर वाफवा आणि गार होऊ द्या. दोन कुंड्या भरा. एकीत पावडर, दुसरीत तीच पावडर पण कुकरमध्ये मारलेली. ही दुसरी कुंडी महत्त्वाची, कारण डब्यातल्या ह्युमिक-बिह्युमिकचा परिणाम दोन्हीकडे सारखा होतो आणि फरक उरतो तो फक्त जिवंत बुरशीचा. दोन्हींत मका लावा, स्फुरद देऊ नका, नत्र थोडा चालेल. पाच-सहा आठवड्यांनी मुळे धुऊन जवळच्या कृषी महाविद्यालयात किंवा वनस्पतिशास्त्र विभागात न्या. मुळे कॉस्टिक पोटॅशच्या १० टक्के द्रावणात गरम करून पारदर्शक करतात, आम्लात बुडवतात, मग ट्रिपॅन ब्लूने रंगवतात. १९९८ पासून तर साधी शाई आणि व्हिनेगर वापरायची सोपी पद्धतही चालते. सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या लांबीने धावणारे निळे धागे, मधूनमधून तेलाने भरलेल्या गोल पिशव्या आणि नशीब असेल तर ती झुडपे दिसतात. धाग्यात जागोजागी आडवे पडदे दिसले आणि रंग न देताही तो तपकिरी असला, तर ती दुसरीच बुरशी. परदेशात बाजारातली पाकिटे अशीच तपासली, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी मुळात शिरकाव केला नाही.

हीच तपासणी तुमच्या डाळिंबाची करा, पावडर घेण्याआधी. येत्या बहाराला दोन ओळींत १२:६१ निम्म्याहून कमी करा, पावडर कुठेच नको, बाकी सगळे सारखे ठेवा आणि फळ तोडताना त्या ओळींचे वजन वेगळे लिहून ठेवा. पाणी सुरू केल्यावर तीन-चार आठवड्यांनी दोन्हीकडची मुळे काढा. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर, वरच्या सहा इंचांतली, सुतासारखी बारीक, पांढरट ते फिकट तपकिरी. जाड तांबूस मुळे नकोत, त्यांत काही सापडत नाही. पाच-सहा झाडांची मिळून मूठभर पुरतात. मातीसकट ओल्या कागदात गुंडाळून त्याच दिवशी द्या, जमत नसेल तर धुऊन स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा. गाडीच्या टपावर उन्हात सुकलेली मुळे आणू नका, त्यांच्या साली सुटून येतात आणि बुरशी असते ती नेमकी सालीतच.